राज्य जल मंडळ नेमके करते काय? पाणी, माती आणि भूजलाच्या कारभाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कालव्याचे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेचे दप्तर सांभाळताना मला लोकांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न महाराष्ट्रातले आहेत आणि कायदेही इथलेच. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे घोळही तितकाच लांबलचक आहे.

राज्य जल मंडळ म्हणजे नळाला पाणी देणारे तेच ना?

नाही. पाणीपुरवठा योजना बांधणारे ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. गावातली नळयोजना चालवते ग्रामपंचायत, शहरातली नगरपालिका किंवा महापालिका. नदीत रसायन सोडणाऱ्या कारखान्याला नोटीस काढते ते प्रदूषण नियंत्रण मंडळ. राज्य जल मंडळाच्या दारात यांपैकी एकही अर्ज चालत नाही. ते एक व्हॉल्व्ह फिरवत नाही की एक दरवाजा उचलत नाही. राज्यातले पाणी किती, ते कुठे आहे आणि उद्या कुठे वापरायचे, याचा हिशेब मांडणे हे त्याचे काम.

मग मंडळ, परिषद आणि प्राधिकरण हे तीन वेगवेगळे का?

तिन्ही एकाच कायद्यातून आले: महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५. नावे सारखी वाटतात म्हणून पत्रकारांचाही गोंधळ उडतो.

राज्य जल मंडळाचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात आणि संबंधित खात्यांचे सचिव त्याचे सदस्य. हे मंडळ आराखड्याचा मसुदा तयार करते. राज्य जल परिषदेचे अध्यक्ष मुख्यमंत्री, सोबत मंत्री. ती मसुद्याला मंजुरी देते. आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ही न्यायालयासारखे अधिकार असलेली स्वतंत्र संस्था. पाण्याचे हक्क ठरवणे, ठोक पाण्याचे दर ठरवणे, नवा प्रकल्प आराखड्यात बसतो का हे तपासणे आणि भांडणे ऐकणे ही तिची कामे. पाण्यासाठी असा नियामक नेमणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य.

आमच्या भाषेत सांगायचे तर मंडळ खतावणी लिहिते, परिषद सही करते आणि प्राधिकरण ती खतावणी पाळली जाते का हे बघते. प्राधिकरणावरच्या माणसांची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्षही मुख्य सचिवच असतात. स्वतंत्र या शब्दाचा अर्थ लावताना एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या आराखड्यात असते काय?

त्याचे पूर्ण नाव एकात्मिक राज्य जल आराखडा. पाच नदीखोरी: गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्या. १९९९ च्या चितळे आयोगाने, म्हणजे महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने, याच खोऱ्यांची पुढे २५ उपखोरी पाडून सगळा विचार केला होता. राज्याचे जवळपास निम्मे क्षेत्र एकट्या गोदावरी खोऱ्यात येते. कोकणाची पट्टी क्षेत्राने जेमतेम एक दशांश, पण पाण्यात तिचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो, आणि ते पाणी सह्याद्रीवरून उतरून थेट समुद्राला मिळते. महाराष्ट्रातले पाण्याचे निम्मे राजकारण या एका विषमतेत आहे.

प्रत्येक खोऱ्याचा आराखडा आधी त्या त्या महामंडळाने करायचा. नदीखोरे अभिकरण म्हणतात ते हेच: कृष्णा खोऱ्यासाठी पुण्याचे, विदर्भासाठी नागपूरचे, तापीसाठी जळगावचे, कोकणासाठी ठाण्याचे आणि गोदावरी मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे. ही पाचही महामंडळे १९९६ ते १९९८ या काळात स्थापन झाली, ती मुळात कर्जरोखे काढून धरणे लवकर पूर्ण करण्यासाठी. म्हणजे ज्याने बांधायचे त्यानेच पाण्याचा हिशेबही द्यायचा. ही रचना मला पहिल्यापासून खटकत आली आहे. गवंड्याला विचारले की घराला आणखी एक मजला हवा का, तर तो नको कशाला म्हणेल?

हिशेबालाही मोकळे मैदान नाही. कृष्णेत राज्याराज्यांतले पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाने राज्याचा वाटा ठरवून दिला आहे. गोदावरीत पैठणपर्यंतचे पाणी राज्य पूर्ण वापरू शकते. पैठणच्या खाली मात्र नव्या वापरासाठी ६० टीएमसीची (१ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) मर्यादा आहे. वरच्या पाण्यावरून नगर, नाशिक आणि मराठवाडा एवढे का भांडतात, ते यावरून कळते.

तो आराखडा वेळेवर झाला का?

नाही, आणि याचे उत्तर एका शब्दात संपवले तर लबाडी होईल.

कायदा जून २००५ मध्ये लागू झाला. मंडळाने पहिला मसुदा सहा महिन्यांत द्यायचा, परिषदेने पुढच्या सहा महिन्यांत मंजूर करायचा आणि दर पाच वर्षांनी त्याचे पुनर्विलोकन करायचे, असे कायद्यातच लिहिले आहे. प्रत्यक्षात मंडळाची पहिली बैठक व्हायला २०१३ उजाडले आणि परिषदेची पहिली बैठक झाली २०१५ मध्ये. सहा महिन्यांच्या कामासाठी निव्वळ बैठक बोलवायला आठ वर्षे.

नुसती दिरंगाई असती तर एक वेळ चालले असते. पण याच कायद्यात म्हटले आहे की प्राधिकरणाने नव्या प्रकल्पाला मान्यता देताना तो आराखड्याशी सुसंगत आहे हे बघायचे. आराखडाच नसेल तर कशाशी सुसंगत? तरीही मान्यता दिल्या गेल्या. एकट्या गोदावरी मराठवाडा महामंडळाचे सुमारे १९० प्रकल्प त्यात होते. वाल्मीत, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत, प्राध्यापक राहिलेले प्रदीप पुरंदरे यांनी जनहित याचिका केली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आराखडा होईपर्यंत नव्या मान्यता थांबवल्या. मग कुठे यंत्रणा हलली. गोदावरीचा आराखडा २०१७ मध्ये परिषदेने मंजूर केला आणि बाकीची खोरी त्यामागून आली.

कायदा चांगला होता, असे माझे मत अजूनही आहे. याचिकेला बळ मिळाले ते त्यातल्याच कलमांमुळे.

दर दिवाळीला जायकवाडीवरून भांडण का पेटते? त्यात मंडळाचा हात असतो का?

मंडळाचा नाही, प्राधिकरणाचा. टंचाईच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची, असे तत्त्व २००५ च्या कायद्यात आहे. वरच्या धरणाने आधी भरायचे आणि खालच्याने आभाळाकडे बघायचे, हे चालणार नाही. याच तत्त्वावर प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा आणि पालखेड या धरणसमूहांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पाणी सोडायचे. त्यामागे मेंढेगिरी समितीचा अभ्यास होता. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

आता गणित. नाथसागराची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयाची, एकूण क्षमता जवळपास १०२.७ टीएमसी. त्यातले २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारे. उरले सुमारे ७६.७. त्याचे ६५ टक्के म्हणजे ५० टीएमसीच्या आत-बाहेर. बातमीत धरण ७० टक्के भरले असे आले की आधी विचारा, एकूण की उपयुक्त? या एका शब्दात कित्येक टीएमसीचा फरक पडतो, आणि तो शब्द गाळून दोन्हीकडचे लोक आपापल्या सभा जिंकतात.

२०२३ मध्ये पाऊस तुटला तेव्हा सुमारे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. सोडलेले सगळे पाणी पैठणला पोचत नाही. कोरडे पात्र आपला वाटा पिते, वाटेतल्या मोटारीही पितात. म्हणून सोडण्याच्या दिवसांत नदीकाठची वीज तोडतात. तोडली की काठावरचा शेतकरी चिडतो, न तोडली तर पाणी गाळात जाते. मी दोन्ही बाजूंची शिवीगाळ ऐकली आहे आणि दोघांचाही राग मला कळतो.

शेतीला किती आणि उद्योगाला किती, हे कोण ठरवते?

मंत्रिमंडळ. मूळ कायद्यात हे काम नियामकाकडे जाणार होते, पण २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रीय वाटपाचा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. त्याच वर्षी प्राधान्यक्रमही बदलला. २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग होता आणि शेती तिसरी. ती दुसऱ्या जागी आली. कागदावर शेतकऱ्याचा नंबर वर गेला, पण कोणत्या धरणातून कोणाला किती हे ठरवणारे टेबल मंत्रालयात गेले.

पाणीपट्टी प्राधिकरण ठरवते, मग आमच्या नळाचे बिल का वाढते?

प्राधिकरण ठोक पाण्याचे दर ठरवते, म्हणजे धरणातून महापालिकेला, उद्योगाला किंवा पाणी वापर संस्थेला जे पाणी मोजून दिले जाते त्याचे. दर तीन वर्षांनी फेरविचार होतो, त्याआधी मसुदा जाहीर होतो आणि सुनावण्या होतात. धरण-कालव्याच्या देखभालीचा खर्च निघावा एवढाच त्याचा आधार. धरण बांधायचा खर्च त्यात धरत नाहीत. तुमच्या घरचे बिल पालिका लावते.

सुनावणीला कोणीही जाऊ शकते. तिथे उद्योगांचे वकील जाडजूड फायली घेऊन येतात. शेतकरी येतात ते एकतर मोर्चाने, नाहीतर येतच नाहीत.

दोनपेक्षा जास्त मुले असतील तर पाणी महाग, हे खरे?

खरे आहे. कायदा लागू झाल्यानंतर मुलांची संख्या दोनच्या वर गेली, तर शेतीच्या पाण्यासाठी दीडपट दर, असे कलम आहे. मुले मोजायला पाटकरी (कालव्याचे पाणी सोडणारा कर्मचारी) घरी आलेला मी तरी पाहिलेला नाही.

ऊस लावला तर ठिबक सक्तीचे आहे का?

प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात आणि त्या तारखेपासून बारमाही पिकाला कालव्याचे पाणी हवे असेल, तर ठिबक किंवा तुषार लागेल, अशी तरतूद आहे. तुमचा प्रकल्प यादीत आहे का ते शाखा कार्यालयात विचारा. सरसकट सक्ती नाही.

बोअर घ्यायला परवानगी लागते का?

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून लागू आहे आणि त्यातले राज्य भूजल प्राधिकरण म्हणजे हेच जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर शेतीसाठी किंवा उद्योगासाठी घेता येत नाही, आणि सार्वजनिक पिण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको. हे वाचून कोणत्याही गावच्या पारावर हशा पिकेल. दोनशे फुटाला ओल लागली तर नशीब, असा आजचा मामला आहे.

कायदा वाईट नाही. पण रात्री गाडी येते, पहाटे निघून जाते आणि केसिंग पाइपावर पोते टाकले की झाले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक राज्यातल्या दीड हजारांहून जास्त पाणलोटांत निरीक्षण विहिरींची पातळी मोजतात. ते आकडे खरेच उपयोगाचे असतात. आपल्या पाणलोटाचा वर्ग सुरक्षित आहे की अतिशोषित, हे जमीन घेण्याआधी बघावे. सातबारा बघतो तसेच.

जलयुक्त शिवार, नाला खोलीकरण, गाळ काढणे हे सगळे या मंडळाखाली येते का?

नाही, ते मृद व जलसंधारण विभागाकडे. २०१७ मध्ये त्याला वेगळा विभाग केला आणि आयुक्तालय वाल्मीच्या आवारात बसवले. ढोबळमानाने ६०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारी लहान कामे त्यांची, त्यापुढची जलसंपदा विभागाची.

इथेच खरी फट आहे. नाल्यात अडवलेले पाणी हे खालच्या धरणात येणारेच पाणी असते. पाणलोटात शंभर बंधारे झाले आणि खालच्या लघुतलावाचा हिशेब जुनाच राहिला, तर तलाव का भरत नाही याची चौकशी पावसावर ढकलली जाते. आराखडा एकात्मिक म्हणायचा तो यासाठी, की दोन्ही खात्यांचे पाणी एकाच वहीत यावे.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवारवर सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या कॅगने २०२० मध्ये लिहिले की ९,६३३.७५ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. योजनेचे समर्थक हे मान्य करत नाहीत, आणि काही गावांत विहिरींना पाणी वाढलेले मीही पाहिले आहे. पण माथा ते पायथा हे सूत्र सोडून थेट नाल्यात पोकलेन घातला, तिथे दोन पावसांत गाळ परत बसला. डोंगरावर समतल चर खणायला मजूर लागतात आणि उद्घाटनाला तिथवर चढावे लागते. नाल्याशी गाडी जाते.

वाळू, जंगल, जैवविविधता?

वाळू महसूलकडे, जंगल वन विभागाकडे, जैवविविधतेचे स्वतंत्र मंडळ नागपूरला. जल मंडळाचा संबंध आराखड्यात उल्लेख येईल तेवढाच.

वरच्या या सगळ्या उतरंडीत साध्या शेतकऱ्याला दार कुठे आहे?

दोन आहेत. पहिले, कालवा सल्लागार समिती. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा आहे त्यावर रब्बी आणि उन्हाळ्याची आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात. किती पाळ्या, कोणत्या तारखांना, हे त्या बैठकीत ठरते. अध्यक्षपदी बहुधा पालकमंत्री असतात. बैठकीआधी आपल्या आमदाराच्या हातात लेखी मागणी पोचवा, नंतरच्या निवेदनाला किंमत नसते.

दुसरे दार म्हणजे पाणी वापर संस्था. २००५ मध्येच त्यासाठी वेगळा कायदा झाला. संस्थेला पाणी घनमापनाने मोजून मिळते आणि आत कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी ठरवतात. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या संस्थांनी अख्ख्या धरणाचे व्यवस्थापन हाती घेतले. तिथे कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला आधी पाणी देतात. शब्दांत सोपे वाटते, पण मुखाशी बसलेल्या माणसाने दार बंद ठेवून पाणी पुढे जाऊ द्यायचे, हे बघायला एकदा तिथे जाऊन या.

मोजून म्हणजे कसे, ते सांगतो. चारीच्या, म्हणजे कालव्यातून फुटणाऱ्या छोट्या पाटाच्या, तोंडाशी सिमेंटचा अरुंद गळा असतो आणि बाजूच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी. पाणी त्या पट्टीवर किती चढले यावरून कोष्टकात विसर्ग बघायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आमच्या चारीवरच्या पट्टीचा रंग उडाला होता, तिसाच्या वरचे आकडे दिसतच नव्हते. तरी त्या आवर्तनात वहीत सलग अकरा दिवस ३२ सेंटिमीटर लिहिलेले होते, सकाळ-संध्याकाळ. मी आठव्या दिवशी तिथे उभा होतो. पाणी घोट्यापर्यंतही नव्हते आणि गळ्यात कुणाची तरी चप्पल अडकली होती. बिल मात्र ३२ सेंटिमीटरचे आले.

अशा वेळी तक्रार कोणाकडे?

आधी शाखा अभियंता, मग उपविभाग. हक्काच्या पाण्यावरून वाद असेल तर प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज. त्याचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत प्राधिकरणाकडे अपील. तोंडी भांडण कितीही गाजले तरी त्याला जावक क्रमांक नसतो.

टीएमसी, दलघमी, क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

१ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) २८.३. क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग आहे, साठा नाही. ११,५७४ क्युसेकने चोवीस तास पाणी वाहिले की १ टीएमसी होते. बातमीत धरणातून ५,००० क्युसेक सोडले असे आले, तर पुढचा प्रश्न किती तास, हाच.

माझ्या भागातला हिशेब तपासायचा तर कोणते कागद मागू?

आपल्या खोऱ्याचा मंजूर आराखडा आणि प्रकल्पाचा जललेखा, म्हणजे पाण्याचा जमाखर्च, घ्या. हे प्रसिद्ध होणारे दस्तऐवज आहेत. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तीन गोष्टी मागा: १५ ऑक्टोबरचा साठा, त्या वर्षीचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम आणि तुमच्या चारीची मोजमाप नोंदवही. पहिल्या दोन्हींच्या प्रती घ्या. नोंदवहीची प्रत मागू नका, अवलोकन मागा. मूळ वही हातात आली की पाने उजेडाकडे धरून बघा. अकरा दिवसांच्या बावीस नोंदी वेगवेगळ्या हवेत, वेगवेगळ्या वेळी लिहिल्या असतील, तर शाई आणि अक्षर थोडे तरी बदलते. आमच्या वहीत ते बदलले नव्हते. बिलातला फरक आम्हाला पुढच्या आवर्तनात वळता करून मिळाला, आणि भिंतीवर नवी पट्टी रंगवली गेली.